दीड तासाचं घड्याळ आणि अर्धं भ्रूण

कोंबडीचं फलित अंडं ३८ अंश सेल्सिअसला उबवत ठेवलं की पहिला दिवस संपता संपता त्यातल्या भ्रूणाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या थोडं मागे, पेशींचा एकेक ठोकळा वेगळा होतो. दीड तासाने त्याच्या मागे दुसरी जोडी. आणखी दीड तासाने तिसरी. हे जवळजवळ तीन दिवस चालतं आणि शेपटीपर्यंत पोचेस्तोवर पन्नासच्या आसपास जोड्या झालेल्या असतात. पुस्तकात यांना कायखंड म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे सोमाइटच म्हणतात. मणके, बरगड्या, पाठीचे आणि हातापायांचे स्नायू, पाठीच्या कातडीचा आतला थर, हे सगळं यांच्यातूनच घडतं. मासा, बेडूक, साप, उंदीर, माणूस, सगळ्यांत पद्धत हीच. वेग आणि संख्या तेवढी बदलते. झेब्राफिशला एका जोडीला अर्धा तास पुरतो, उंदराला दोन तास लागतात, माणसाला पाचेक तास.

पेशींकडे मनगटी घड्याळ नाही. मग दीड तास झाला हे त्यांना कळतं कसं? या प्रश्नाला पहिलं ठोस उत्तर १९९७ साली फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या प्रयोगशाळेतून आलं. ज्या तंत्राने ते मिळालं ते भ्रूण मारल्याशिवाय वापरताच येत नव्हतं. मेलेल्या भ्रूणावरून वेळ कशी मोजली, हा या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे, म्हणून लेखाचा जास्त भाग त्यालाच दिला आहे.

अंडं उघडल्यावर

बीएस्सीच्या प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात कोंबडीच्या २४, ३३, ४८, ७२ तासांच्या भ्रूणांच्या तयार स्लाइड असतात. आकृती काढायची, नावं द्यायची, कायखंड मोजायचे आणि वय लिहून मोकळं व्हायचं. रंगवलेल्या स्लाइडमध्ये कायखंड ठसठशीत दिसतात, पण ते एकामागून एक येत असतात याची जाणीव तिथे होत नाही. त्यासाठी जिवंत अंडं उघडावं लागतं. दुकानातलं अंडं चालत नाही, कारण ते फलित नसतं. हॅचरीतून उबवणीची अंडी आणावी लागतात. अंडं आडवं ठेवून सुईने थोडा पांढरा भाग ओढून घ्यायचा, म्हणजे पिवळा बलक कवचापासून खाली उतरतो. मग कवचावर चिकटपट्टी लावून छोटी खिडकी कापायची. आत पिवळ्यावर एक फिकट चकती दिसते. भ्रूण म्हणावं असं काही सापडत नाही. पातळ केलेली काळी शाई बारीक सुईने चकतीखाली सोडली, की मागे काळा पडदा येतो आणि त्यावर भ्रूण पांढरं उठून दिसतं. दुसऱ्या दिवसाच्या मध्याला दहाएक जोड्या झालेल्या असतात. हृदय नुकतंच थरथरू लागलेलं असतं.

शेवटच्या कायखंडाच्या मागे, होऊ घातलेल्या मज्जारज्जूच्या दोन्ही अंगांना, मध्यस्तराचा, म्हणजे भ्रूणातल्या पेशींच्या मधल्या थराचा, एकेक अखंड पट्टा शेपटीपर्यंत गेलेला असतो. त्यात कुठेही रेघ नाही, खाच नाही. भिंगाखाली कितीही वेळ डोळे लावून बसलं तरी पुढची चीर नेमकी कुठे पडणार याचा सुगावा लागत नाही. मग पट्ट्याच्या पुढच्या टोकाला एक आडवी भेग दिसू लागते, कडेच्या पेशी एकमेकींना धरून भिंत उभी करतात, आतल्या पेशी सैलच राहतात आणि एक पोकळसर गोळा पट्ट्यापासून सुटा होतो. डाव्या आणि उजव्या बाजूला हे एकाच वेळी घडतं. तिकडे शेपटीच्या टोकाला नव्या पेशी पट्ट्यात भरती होतच असतात, त्यामुळे पुढून तुकडे तुटत राहिले तरी पट्टा लगेच संपत नाही. कोंबडीत या पट्ट्यात कोणत्याही क्षणी साधारण बारा कायखंडांचा ऐवज असतो. म्हणजे मागच्या टोकाला आज दाखल झालेली पेशी कायखंडात जायला १२ गुणिले दीड, अठरा तास घेते.

मोजून ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. कायखंड सुटा झाला तरी तो एकजिनसी नसतो. त्याचा पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग वेगळ्या स्वभावाचे असतात. रॉजर कीन्स आणि क्लॉडिओ स्टर्न यांनी १९८४ साली कोंबडीत दाखवलं की मज्जारज्जूतून निघणाऱ्या चेता फक्त पुढच्या अर्ध्या भागातून वाट काढतात, मागच्या भागात शिरत नाहीत. मणका बनताना तर एका कायखंडाचा मागचा अर्धा आणि त्याच्यामागच्या कायखंडाचा पुढचा अर्धा एकत्र येतात. त्यामुळे एका कायखंडातला स्नायू दोन शेजारच्या मणक्यांना जोडला जातो. तसं नसतं तर पाठ वाकलीच नसती.

कागदावरचं घड्याळ

१९७६ साली जोनाथन कुक हा भ्रूणशास्त्रज्ञ आणि ख्रिस्तोफर झीमन हा गणितज्ञ यांनी एक प्रारूप मांडलं. कुकने बेडकाच्या भ्रूणांत पाहिलं होतं की भ्रूण लहान केलं तरी कायखंडांची संख्या तीच राहते, ठोकळे मात्र लहान होतात. संख्या इतकी पक्की कशी? दोघांचं उत्तर असं: पट्ट्यातल्या प्रत्येक पेशीत एक घड्याळ टिकटिकतंय आणि सगळ्या पेशींची घड्याळं एकमेकींशी जुळलेली आहेत. त्याच वेळी डोक्याकडून शेपटीकडे एक सीमा सरकत जातेय. ही सीमा पेशीवरून गेली की पेशी कायखंड व्हायला तयार होते, पण प्रत्यक्ष बदल घडतो तो घड्याळाचा विशिष्ट ठोका पडतो तेव्हाच. त्यामुळे एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत सीमेने जेवढं अंतर कापलं, तेवढ्या पेशी एकदम एका ठोकळ्यात जातात. कायखंडाची लांबी म्हणजे सीमेचा वेग गुणिले घड्याळाच्या एका फेरीला लागणारा वेळ.

हिशेब देखणा होता, पण घड्याळ कोणी पाहिलेलं नव्हतं. दुसरे पर्यायही होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कीन्स आणि स्टर्न यांच्या गटाने कोंबडीची भ्रूणं थोडा वेळ जास्त तापवून पाहिली. कायखंडांत बिघाड झाले, पण एकाच ठिकाणी झाले नाहीत. सहा-सात कायखंड सोडून पुन्हा बिघाड, आणखी सहा-सातांनंतर पुन्हा. सहा-सात कायखंड म्हणजे नऊ-दहा तास, आणि पट्ट्यातल्या पेशींचं विभाजनचक्रही जवळपास तेवढंच. म्हणून त्यांनी मांडलं की पेशी वेळ मोजतात ती विभाजनचक्रावरून. ही कल्पना आज मागे पडली असली तरी तिच्यामागचं निरीक्षण पक्कं होतं, आणि १९९७ पूर्वी कोणी तिच्या बाजूने पैज लावली असती तर ती मूर्खपणाची ठरली नसती. सांगायचा मुद्दा असा की वीस वर्षं सगळे वाद कायखंडाच्या कडा बघून चालले होते. कडा म्हणजे घडून गेलेली गोष्ट. दोन कडांच्या मधल्या दीड तासात पट्ट्यात काय चालतं हे कोणाच्याच हाती नव्हतं.

जुळत नसलेली भ्रूणं

फळमाशीत हेअरी नावाचं एक जनुक आहे. ते बिघडलं की अळीच्या शरीरातले खंड एकाआड एक गायब होतात. पृष्ठवंशीयांत त्याचा भाऊबंद असेल आणि तोही खंड पाडत असेल, या अपेक्षेने कोंबडीत शोध झाला आणि जे सापडलं त्याला सी-हेअरी-१ असं नाव मिळालं. कामात चौघं होते: इझाबेल पाल्मैरिम, डोमिंगोस हेन्रिक, डेव्हिड इश-होरोविट्झ आणि ऑलिव्हिए पुर्किए. पाल्मैरिम तेव्हा पुर्किए यांच्याकडे काम करणारी तरुण पोर्तुगीज संशोधक होती.

जनुक कुठे चालू आहे हे बघायची रीत ठरलेली. भ्रूण काढायचं, फॉर्मल्डिहाइडमध्ये पक्कं करायचं, मग त्या जनुकाच्या आरएनएला, म्हणजे जनुक चालू असताना बनणाऱ्या त्याच्या प्रतीला, नेमका चिकटणारा शोधक सोडायचा. जिथे आरएनए असेल तिथे निळा-जांभळा रंग उमटतो. रंग सुरेख येतो, पण भ्रूण पहिल्या पायरीलाच मेलेलं असतं. मिळतं ते एका क्षणाचं चित्र.

सी-हेअरी-१ची चित्रं एकमेकांशी जुळेनात. कायखंडांची संख्या अगदी सारखी असलेली भ्रूणं घेतली, तरी एकात पट्ट्याचा मागचा बराचसा भाग रंगलेला, दुसऱ्यात रंग पट्ट्याच्या मध्यावर सरकलेला, तिसऱ्यात पुढच्या टोकाशी फक्त एक अरुंद पट्टी. अशा वेळी प्रयोगशाळेत मनात पहिला विचार येतो तो हात चुकल्याचा. शोधक नीट धुतला गेला नाही, रंग जास्त वेळ राहिला, भ्रूणं मुळातच कमी-जास्त वयाची होती. बहुतेक जनुकांच्या बाबतीत तो खराही ठरतो. पण इथे दोन गोष्टी आड येत होत्या. एक, चित्रं कशीही येत नव्हती. ती तीन ढोबळ प्रकारांत बसत होती. दुसरी जास्त महत्त्वाची: एकाच भ्रूणाच्या डाव्या आणि उजव्या पट्ट्यातला नमुना सारखा होता. रंगकामातली गफलत दोन्ही बाजूंना मोजूनमापून सारखी होत नाही.

मग वयाचं काय? भ्रूणाचं वय कायखंड मोजून ठरवतात, पण ही मोजपट्टी दीड तासाची आहे. अठरा कायखंडांचं भ्रूण म्हणजे अठरावा कायखंड पाच मिनिटांपूर्वी सुटा झालेलं भ्रूण असू शकतं, किंवा पंचाऐंशी मिनिटांपूर्वी सुटा झालेलंही. दोन्ही वहीत ‘१८’ म्हणूनच नोंदली जातात. फरक या मधल्या फटीतला असेल, तर तीन चित्रं म्हणजे एकाच चक्रातले तीन क्षण. शंका रास्त होती, पण नुसत्या चित्रांवरून ती सिद्ध होत नव्हती. तीन वेगवेगळ्या माणसांचे बसलेले, उभे आणि चालतानाचे फोटो दाखवून एकच माणूस उठून चालायला लागला असं म्हणता येत नाही.

एक बाजू आत्ता, दुसरी नंतर

इथे त्यांनी जे केलं त्याला ना नवं यंत्र लागलं ना नवं रसायन. भ्रूणाचा मागचा भाग कापून घेतला आणि मध्यरेषेवरून उभा चिरून त्याचे दोन अर्धे केले. एक अर्धा लगेच फॉर्मल्डिहाइडमध्ये. दुसरा पोषकद्रवात ठेवून उबेला, ठरावीक वेळ, मग तोही फॉर्मल्डिहाइडमध्ये. नंतर दोन्ही अर्धे एकत्रच रंगवून शेजारी शेजारी मांडले.

अख्ख्या भ्रूणात दोन्ही बाजू एकाच तालात असतात हे दिसलेलंच होतं. त्यामुळे पहिला अर्धा म्हणजे दुसऱ्या अर्ध्याची सुरुवातीची स्थिती. एकाच जिवाची दोन वेळची चित्रं हाती आली, तीही असं तंत्र वापरून जे एकदाच चित्र देतं.

अर्ध्या तासाने थांबवलेल्या अर्ध्यात नमुना बदललेला होता, एका तासाने आणखी वेगळा. वेगवेगळ्या वेळांच्या जोड्या लावत गेल्यावर क्रम ठरला: आधी मागच्या भागात पसरलेला रंग, मग तो पुढे सरकतो आणि अरुंद होत जातो, मग पुढच्या टोकाशी एक रेघ, तोवर मागे नवा रंग पसरायला लागलेला. आणि नव्वद मिनिटांनी दोन्ही अर्धे पुन्हा सारखे. फरक एवढाच की उबेला ठेवलेल्या अर्ध्यात एक कायखंड जास्त होता.

चक्र दीड तासाचं, कायखंडही दीड तासाचा. शिवाय लाट पुढे येऊन जिथे विसावते तिथे, नव्या कायखंडाच्या मागच्या अर्ध्या भागात, आरएनए टिकून राहतो. पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा यांतला जो भेद चेतांना पुढे वाट दाखवतो, त्याची चाहूल इथेच लागते.

नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना शिकवताना खत घातलेली कुंडी आणि न घातलेली कुंडी हेच उदाहरण वर्षानुवर्षं देतात. माझ्या मते हे अर्धं भ्रूण त्याहून कितीतरी बोलकं आहे. इथे तुलना दुसऱ्या भ्रूणाशी नाही. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच दुसऱ्या बाजूशी आहे.

लाट सरकते, पेशी जागेवर

रंग मागून पुढे सरकतो म्हणजे नक्की काय सरकतं? तीन शक्यता होत्या. रंगलेल्या पेशीच पुढे चालत जात असतील. किंवा मागची पेशी पुढचीला काही निरोप देत असेल आणि निरोप पुढे जात असेल. किंवा काहीच सरकत नसेल: प्रत्येक पेशी आपापल्या जागी चालू-बंद होत असेल, शेजारणीपेक्षा जरा मागे-पुढे. गणपतीच्या मांडवावरच्या दिव्यांच्या माळेत उजेड पळताना दिसतो, दिवे मात्र जागेवरच असतात, तसं.

पेशी चालत जाण्याची शक्यता मोडीत निघाली, कारण त्या एवढ्या वेगाने जागा बदलतच नाहीत. निरोपाची शक्यता तपासायला पुन्हा कात्रीच. अर्ध्या भ्रूणातला पट्टा आडवा कापला, मागचा तुकडा दूर केला. निरोप मागून येत असता तर पुढच्या तुकड्यातली लाट तिथेच अडायला हवी होती. ती अडली नाही. सुटा केलेला तुकडा अख्ख्या बाजूच्या वेळापत्रकाप्रमाणेच वागत राहिला. म्हणजे वेळ त्या पेशींच्या आतच होती.

२८ नोव्हेंबर १९९७च्या ‘सेल’ या शोधपत्रिकेत निबंध आला. एकवीस वर्षं कागदावर असलेल्या घड्याळाचा पहिला रेणवीय पुरावा असं त्याचं वर्णन तेव्हापासून होत आलं आहे, आणि ते योग्य आहे. पट्ट्यात दाखल झालेली पेशी कायखंडात जाईपर्यंत बारा वेळा चालू-बंद होते, हा आकडाही तिथलाच.

पुराव्याच्या मर्यादा

निबंधात जे सिद्ध झालं आणि जे नुसतं सुचवलं गेलं, त्यांत फरक करायला हवा.

सी-हेअरी-१ घड्याळाची वेळ दाखवत होतं, पण घड्याळ चालवत होतं का? पेशीत नवी प्रथिनं बनणं औषधाने थांबवलं तरी आरएनएची ती चालू लाट पुढे सरकत राहिली. त्यावरून या जनुकाचं प्रथिन घड्याळाच्या गाभ्यात असेलच असं म्हणता येत नव्हतं. गाभ्याचं चित्र पुढे उंदरातून आलं. क्योटोमधल्या र्योइचिरो कागेयामा यांच्या गटाने हेस-७ हे त्याच घराण्यातलं जनुक धरलं. हेस-७चं प्रथिन स्वतःच्याच जनुकाला बंद करतं. जनुक बंद, की नवं प्रथिन बनत नाही. असलेलं वीसेक मिनिटांत निम्म्यावर येतं. दाब उठतो, जनुक पुन्हा चालू. जनुक चालू होणं आणि प्रथिनाने ते बंद करणं यांत जो वेळ जातो त्यावर चक्राची लांबी ठरते. २००४ साली त्यांनी प्रथिनाचं अर्धायुष्य सुमारे ३० मिनिटांवर जाईल असा बदल उंदरात केला. फरक दहाएक मिनिटांचाच, पण थोड्या फेऱ्यांनंतर आंदोलन विझलं आणि कायखंड एकमेकांत मिसळले. पुढे २०११ साली जनुकातले इंट्रॉन, म्हणजे आरएनए तयार होताना कापून टाकले जाणारे तुकडे, काढून पाहिले. त्यांच्यामुळे सुमारे १९ मिनिटांचा उशीर होत होता. तो गेला आणि घड्याळच बंद पडलं. ज्या तुकड्यांकडे अडगळ म्हणून बघायची सवय होती, त्यांच्यावर उंदराचा कणा उभा होता. २०१३ साली तीनपैकी दोनच इंट्रॉन काढले तेव्हा चक्र जलद झालं आणि मानेत व छातीच्या वरच्या भागात मणके वाढले.

दुसरी गोष्ट फळमाशीची. निबंधाच्या अखेरीस कीटक आणि पृष्ठवंशीय यांची खंड पाडायची रीत पूर्वापार एकच असेल अशी शक्यता मांडली होती. फळमाशी याला फारशी साथ देत नाही: तिचे खंड एकामागून एक येत नाहीत, जवळपास एकदमच आखले जातात, आणि तिथे असं घड्याळ नाही. २०१२ साली मात्र पिठात होणाऱ्या लाल सोंडेविरहित भुंगेऱ्यात, ट्रायबोलियममध्ये, मागून पुढे येणारी आंदोलनं सापडली. त्याचे खंड एकेक करूनच वाढतात. नातं जुनं आहे की दोघांनी आपापली वाट शोधली, यावर आजही दोन्ही बाजूंनी बोललं जातं. मला स्वतःला सध्याच्या पुराव्यावरून ठाम बाजू घेणं घाईचं वाटतं.

तिसरी मर्यादा प्रयोगाच्या मुळाशीच होती. सगळा तर्क डावी-उजवी बाजू एका तालात असते यावर उभा होता. ती असते हे खरं, पण का असते? त्याच सुमारास भ्रूणात डाव्या-उजव्याचा भेद ठरत असतो. हृदय कोणत्या अंगाला वळणार याचे संकेत या पट्ट्यांच्या शेजारूनच जात असतात. मग ताल बिघडत कसा नाही? २००५ साली मासा, कोंबडी आणि उंदीर अशा तिन्हींत दिसलं की अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल कमी पडलं तर एका बाजूचे कायखंड उशिरा येतात. सममिती आपोआप मिळत नाही, ती राखावी लागते. १९९७च्या प्रयोगात भ्रूणं निरोगी होती म्हणून हे गृहीतक टिकलं.

जिवंत ऊतीत घड्याळ चालताना बघायला २००६ उजाडलं. कागेयामा यांच्याच गटाने उंदरात प्रकाश देणारं प्रथिन हेस-१ या जनुकाच्या नियंत्रणाखाली ठेवलं आणि पट्ट्यात उजेडाची लाट पुढे जाताना पडद्यावर दिसली. वेगळ्या काढलेल्या एकट्या पेशीही चमकत-विझत होत्या, पण अनियमित. ताल टिकतो तो शेजारणींच्या संगतीत. झेब्राफिशवरच्या कामातून २००० सालीच तसं सुचवलं गेलं होतं: नॉच हा पेशी-पेशींमधला संकेतमार्ग बिघडला की पुढचे काही कायखंड ठीक येतात, मग पेशींची लय एकमेकींपासून सुटत जाते आणि पट्ट्यावर मीठ-मिरी पसरल्यासारखा नमुना दिसतो.

सीमा कुठे आहे

घड्याळ मिळालं तरी कुकच्या प्रारूपातली सीमा बाकी होती. ती पुर्किए यांच्याच गटाने २००१ साली दाखवली. एफजीएफ-८ या संकेत-प्रथिनाचं प्रमाण शेपटीकडे जास्त, डोक्याकडे कमी. भ्रूण मागे वाढत जातं तसा हा उतारही मागे सरकतो. या प्रथिनात भिजवलेला बारीक मणी पट्ट्याशेजारी ठेवला की कायखंड लहान झाले. त्याचा संकेत औषधाने अडवला की मोठे. घड्याळ तेच, सीमा हलली, ठोकळ्याचं माप बदललं. गुणाकार कागदावरच्यासारखाच निघाला.

सापांचं कोडंही याच हिशेबात बसलं. २००८ साली कॉर्न स्नेक या सापाच्या भ्रूणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याला तीनशेच्या वर कायखंड असतात. त्याच्या एका कायखंडाला कोंबडीपेक्षा कमी वेळ लागत नाही, पण भ्रूणाची वाढ फार संथ असते. वाढीच्या मानाने पाहिलं तर त्याचं घड्याळ उंदराच्या चौपट वेगाने पळतं, म्हणून पट्ट्याचे तुकडे बारीक आणि पुष्कळ पडतात. मात्र मणका मानेचा होणार की छातीचा, हे घड्याळ ठरवत नाही. ते काम हॉक्स जनुकांचं, आणि ते पट्ट्यात चीर पडण्याआधीच झालेलं असतं: छातीच्या भागातला पट्टा कोंबडीच्या मानेत बसवला तर मानेला बरगड्या फुटतात, हे १९७२ सालीच दाखवलेलं आहे.

माणसाचं घड्याळ

माणसाचे कायखंड गर्भाच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात पडतात. पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं कळण्याआधीच हे काम सुरू झालेलं असतं. तिथे काही चुकलं तर मणके अर्धे राहतात किंवा एकमेकांना चिकटतात, बरगड्या जुळून येतात, पाठ जन्मतःच वाकडी असते. स्पॉन्डिलोकॉस्टल डिसोस्टोसिस या दुर्मिळ आनुवंशिक विकारात २००० साली डीएलएल-३ या नॉच मार्गातल्या जनुकाचा दोष सापडला, २००८ साली हेस-७चा. कोंबडीच्या पट्ट्यात आणि उंदराच्या जनुकात शोधलेल्या यंत्रणेचे सुटे भाग दवाखान्यात असे एकेक ओळखीचे निघाले. २०१२ साली उंदरांत आणखी एक दुवा दिसला: हेस-७ किंवा मेस्प-२ (कायखंड पाडण्यात भाग घेणारं आणखी एक जनुक) यांची एकच प्रत चांगली असलेल्या गर्भाला त्या नाजूक काळात ऑक्सिजन कमी पडला, तर मणक्यांचे दोष बरेच वाढतात. एकाच घरात एका मुलाचा कणा सरळ आणि दुसऱ्याचा वाकडा का, याचा थोडा उलगडा इथून होतो.

माणसाचं भ्रूण उभं चिरून एक बाजू उबेला ठेवता येत नाही, ठेवूही नये. २०२० साली दोन गटांनी, त्यांतला एक पुर्किए यांचा, मूलपेशींपासून पट्ट्यातल्यासारख्या मानवी पेशी बनवल्या आणि त्यांत प्रकाश देणारं प्रथिन बसवलं. बशीत उजेड लाटेने येऊ-जाऊ लागला, चक्र सुमारे पाच तासांचं. रुग्णांत सापडणारे जनुकदोष अशा पेशींत घातल्यावर काहींत आंदोलन थांबलं, काहींत पेशींची एकमेकींशी असलेली जुळणी सुटली. आजार नावाने एक असला तरी बिघाड दोन वेगळ्या जागी असू शकतो, हे असं पहिल्यांदाच मानवी पेशींत बघता आलं.

त्या बशीत ठोकळे मात्र पडत नव्हते. पेशी नुसती वेळ दाखवत होत्या. २०२२ आणि २०२३ मध्ये काही गटांनी अशा पेशींना पेशीबाह्य जाळीचा आधार दिला, एकाने सोबत अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं रेणूही दिलं, आणि लांबट गोळ्यातून एकामागून एक मानवी कायखंड सुटे होताना दिसले. त्यांतल्या काही प्रारूपांत ते एकाच रांगेत होते. मध्ये मज्जारज्जू नाही, पलीकडे दुसरा पट्टा नाही, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूच्या तालाबद्दल अशा प्रारूपाला काही विचारता येत नाही. त्यासाठी दोन रांगांचं प्रारूप लागतं.